अकरा पाचची नगर गाडी

"पुन्हा," अण्णा म्हणाले.

मी शाळेच्या व्हरांड्यात परत गेले आणि परत आत आले. डोक्यावर पदर, हातात फडक्याचं गाठोडं. भाकरींऐवजी त्यात कौलांचे तुकडे बांधले होते. चार पावलं टाकून मी थांबले आणि मुकादम झालेल्या काकासाहेबांना विचारलं, "सुट्टी झाली का वो कामाची?"

"पुन्हा."

"आता काय चुकलं?"

"तू त्याचा मुडदा बघायला आल्यासारखी येतेस," अण्णा म्हणाले. "तिला कुठं माहिती आहे पोरगा ढिगाऱ्याखाली गेलाय ते? ती भाकरी घेऊन आलीये. गार व्हायच्या आत त्यानं खाव्यात, एवढंच तिच्या डोक्यात आहे. तुला पुढचं माहिती आहे आणि ते तुझ्या खांद्यात दिसतंय."

"कंट्रोलर, पोरीला घोटभर पानी तरी पिऊ द्या," काकासाहेब म्हणाले. ते ग्रामसेवक होते, पण तालमीला आले की त्यांना आपण अण्णांचे नोकर असल्यासारखं वाटायचं. "न्हायतर टँकर येईस्तवर ती बी ढिगाऱ्याखाली जाईल."

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. "पुन्हा," ते म्हणाले.

त्या दुपारी मी अकरा वेळा आत आले. एकदाही जमलं नाही.

हे १९७३ सालातलं. पारनेरला पावसाने सलग तिसऱ्या वर्षी तोंड फिरवलं होतं. अण्णा एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते, आणि वर्षातून एकदा, चैत्रातल्या जत्रेला, नाटक बसवत. आधी पौराणिक, मग सामाजिक, आणि त्या वर्षी स्वतः लिहिलेलं, दुष्काळाचं. नगरच्या नाट्यस्पर्धेचा अर्जही त्यांनी पहिल्यांदाच भरला होता. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. गावातली दुसरी कुठलीही मुलगी पुरुषांबरोबर तालमीला आली नसती, म्हणून नाटकातल्या आईचं काम माझ्याकडे आलं. एकोणिसाव्या वर्षी चाळीस वर्षांच्या बाईचं.

अण्णा कुठे शिकले नव्हते. त्यांची शाळा म्हणजे स्टँडवरची ती गजांची खिडकी. आत एक टेबल, एक फोन, भिंतीवर वेळापत्रक. बाहेर दिवसभर माणसं. मी दहा वाजता डबा घेऊन गेले की ते मला मागच्या स्टुलावर बसवायचे. "तासभर बस आणि बघ. तोंडाकडे बघू नको. पाय बघ, हात बघ." आणि मग हळू आवाजात दाखवायचे. गाडी चुकलेला माणूस गाडीकडे बघत नाही, आपल्याला पळताना कोणी पाहिलं का ते आधी बघतो. बायकोला माहेरी पाठवणारा नवरा तिच्या पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधतो. लेकीला सासरी पोचवायला आलेली आई शेवटच्या क्षणी भलतंच बोलते, म्हशीबद्दल किंवा चाळणीबद्दल. जुन्या वेळापत्रकांच्या पाठीवर ते पेन्सिलीने हे सगळं टिपून ठेवत. रात्री जेवताना आईला एकेक माणूस करून दाखवत. आई पदराने डोळे पुसत हसायची. तिचं ते हसणं मला आजही आठवतं, कारण पुढे ते बंद झालं.

अकरा वेळा आत आले त्याच्या तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले आणि स्टुलावर बसले. दहा वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला. नगरच्या स्टँडवरचे कंट्रोलर होते. त्यांचा आवाज मोठा होता, मला दोन हातांवरून सगळं ऐकू आलं.

"तुमच्याकडं लंकाबाई म्हणून कोणी बाई अकरा पाचच्या गाडीला येते का? तिचा पोरगा पहाटे गेला. गोरक्ष. त्याचा मामा इथं माझ्यासमोर उभा आहे. टेम्पो करून आणतायत. आईला गाडीत बसू देऊ नका म्हणतोय, वाटेत चुकामूक व्हायची."

"बरं," अण्णा म्हणाले आणि फोन ठेवला.

लंकाबाईला स्टँडवर सगळे ओळखत. गावाबाहेरच्या वस्तीवर राहणारी विधवा, एकुलता एक मुलगा. पाझर तलावाच्या कामावर त्याच्या पायावर दगड पडला, जखम चिघळली, धनुर्वात झाला. नगरच्या इस्पितळात पडून त्याला बारा दिवस झाले होते. ती एक दिवसाआड भाकरी घेऊन अकरा पाचच्या गाडीने जायची.

पावणेअकराला ती खिडकीशी आली. एका हाताने गज धरला. दुसऱ्या हातात गाठोडं.

"भाऊ, गाडी येळंवर हाय ना? परवा लई लेट हुती."

"आहे. वेळेवर आहे."

"बरं झालं बाई. आज ज्वारीच्या केल्यात. भावजयीनं माहेरून मापभर धाडली. त्या रेशनच्या लाल मिलोला लई कटाळलंय पोरगं. म्हनलं आज पांढरी भाकर खाऊ दे. चटनी बी लसनाची केलीय, त्येनंच मागितली." मग माझ्याकडे बघून, "काय गं चांगुना, डबा आनलास व्हय बापाला? गुनाची पोर हाय हो भाऊ."

"हं," अण्णा म्हणाले.

ती जाऊन समोरच्या लिंबाच्या पारावर बसली.

अण्णा आता उठतील, असं मला वाटलं. ते उठले नाहीत. त्यांनी पेन्सिल उचलली.

"अण्णा."

"थांब."

"अण्णा, तिला सांगायला पाहिजे."

"सांगतो. थांब जरा."

ते तिच्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मग मीही तिच्याकडे बघायला लागले. तिने गाठोडं मांडीवर घेतलं. फडक्याची कड सैल करून आतल्या भाकरी बोटाने मोजल्या. पुन्हा मोजल्या. चटणीची पुडी काढून नाकाशी नेली आणि स्वतःशीच हसली. शेजारच्या बाईला काही सांगितलं, ती बाईही हसली. पायातली एक वहाण काढून तिने पारावर आपटली, आतला खडा पाडला. गाठोडं पुन्हा घट्ट बांधलं. उन्हाची तिरीप पायावर आली तशी पाय आत घेतले. अण्णांनी कागदावर काहीही लिहिलं नाही, पण त्यांची नजर तिच्यावरून हलली नाही. कोणाला वीस मिनिटं एवढं रोखून बघताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मी काही बोललेही नाही. हे सांगून टाकलेलं बरं.

गाडी आली. लंकाबाई सगळ्यांच्या आधी चढली. तेव्हा अण्णांनी सहादेव हमालाला खिडकीशी बोलावलं आणि खालच्या आवाजात दोन शब्द सांगितले. सहादेव गाडीच्या दाराशी गेला.

"लंकाबाई, उतर खाली."

"का रं?"

"उतर म्हनतो ना."

"जागा जाईल माझी. काय हाय ते हितूनच बोल."

"गोरक्ष गेला," सहादेव म्हणाला. "फोन आलाय. आनायलेत त्येला. उतर."

ती उतरली. रडली नाही. पारावर येऊन बसली आणि गाठोड्याची गाठ सोडायला लागली. गाठ घट्ट बसली होती, सुटेना. तिने वाकून दात लावले. मग एकेक भाकरी काढली, तिच्यावर चटणी ठेवली आणि समोर उभं असलेल्या माणसांना देत सुटली. सहादेवाला. शेजारच्या बाईला. कंडक्टरला. काकासाहेब नगरला निघाले होते, त्यांना. "खा. वाळून जातील. खा." नाही म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही. आणि खरं सांगायचं तर चार महिने रेशनची मिलो, ती परदेशी लाल ज्वारी, खाल्लेली माणसं होती ती. त्यांनी खाल्ल्या. शेवटची भाकरी तिने गजांतून आत दिली. अण्णांनी ती मोडून अर्धी मला दिली. पांढऱ्या ज्वारीची, मऊ, अजून कोमट होती. मला ती आवडली. इतक्या वर्षांनंतरही स्वतःची ही एक गोष्ट मला नीट सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तालमीत अण्णांनी नाटकातलं तलावाचं काम काढून टाकलं आणि एस.टी. स्टँड आणला. मुकादमाचा कंट्रोलर केला. बाई गाडीची वाट बघत बसते. भाकरी मोजते. पुन्हा मोजते. चटणीचा वास घेते, हसते. वहाणेतला खडा पाडते. मग बातमी. मग वाटणं.

"हे करायचं नाही," मी म्हणाले.

"का?"

"का ते तुम्हाला माहिती आहे."

"त्या दिवशी अकरा वेळा आत आलीस," अण्णा म्हणाले. "बाराव्यांदा तुला कोण शिकवणार होतं? मी? मला तरी कुठं येत होतं? सुखात बसलेली बाई कशी बसते हे तिच्याशिवाय कोणी दाखवलं असतं आपल्याला?"

काकासाहेब भिंतीला टेकून बसले होते. "कंट्रोलर, मी ती भाकर खाल्ली," ते म्हणाले. "खरी. आता मला खोटी खायला लावू नका."

"खाल्लीत तेव्हा कुठं बघत होता तुम्ही?"

"काय?"

"खाताना. तिच्याकडं बघत होता का?"

काकासाहेब म्हणाले, "दुकानाच्या पाटीकडं."

"मग तसंच करा," अण्णा म्हणाले.

घरी आईने अबोला धरला. मला वाटलं होतं तिच्या अबोल्याने तरी ते थांबतील. ते थांबले नाहीत, आणि मीही नाही म्हणाले नाही. का, याचं उत्तर मला लाजिरवाणं वाटतं. अण्णांनी मला कधी "जमलं" म्हटलं नव्हतं. त्या आठवड्यात पहिल्यांदा म्हटलं. एवढंच. गाठ मात्र त्यांनी बदलली. दात लावले की बाई स्वतःच भुकेली वाटते, म्हणाले, आणि एका ओढीत सुटेल अशी सैल गाठ मारायला मला शिकवलं.

चैत्रातली जत्रा त्या वर्षी रोडावलेली होती, पण नाटकाला मैदान भरलं. दिवेलागणीला पडदा उघडला. माझा प्रवेश तिसरा. मी गाठोडं मांडीवर घेऊन बसले, भाकरी मोजल्या, पुन्हा मोजल्या, हसले. बायकांच्या बाजूने हुंकार आला. माझ्या खांद्यात काही दिसत नव्हतं, ते मला कळत होतं. बातमी आली. मी गाठ ओढली आणि भाकरी वाटायला लागले. सहा माणसं रंगमंचावर उभी राहून इकडे तिकडे बघत खायला लागली.

मैदानावर एकदम चिडीचूप झालं. त्या शांततेचा अर्थ मला आधी समजला नाही, मला वाटलं नाटक चढलं. मग मागून कोणीतरी ओरडलं, "आमाला खाताना दावतो व्हय रं, कंट्रोलर?" दुसरा म्हणाला, "तू न्हाई खाल्लीस का? तुला दाव की." पहिलं ढेकूळ माझ्या पायाशी येऊन फुटलं. दुसरं काकासाहेबांच्या छातीवर. त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली, टोपी काढली आणि रंगमंचावरून सरळ लोकांमध्ये उतरून निघून गेले. पडदा ओढताना मला बायकांत लंकाबाई दिसली. तिच्या भोवतीच्या सगळ्या उठल्या होत्या. ती बसलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खिडकीशी आली. डबा घेऊन मी नुकतीच पोचले होते.

"तुला कसं ठावं?" ती म्हणाली. आता भाऊ नव्हतं, तुमी नव्हतं.

"काय?"

"मी भाकरी मोजल्या ते. दोनदा. चटनी हुंगली ते. खडा पाडला ते. ते समदं सहादेव यायच्या आधीचं हाय. मला तवा कायबी ठावं न्हवतं." तिने गज धरला. "माझा भाऊ म्हनतो फोन धा चाळीसला लावला. त्यो सोता हुबा हुता तितं. मी पावनेअकराला आल्ते. हितंच हुबी हुते. ह्योच गज धरला हुता. तुला ठावं हुतं."

अण्णांनी टेबलावरची पेन्सिल उचलली आणि खाली ठेवली.

"बसून बगत हुतास तू मला."

"लंकाबाई..."

"मला बाकी कायबी नगं. त्या दिशी जे सांगायचं हुतं ते सांग. तुझ्या तोंडानं. हमालाच्या न्हाई. मी आयकते."

स्टँडवरची माणसं जवळ आली होती. सहादेव हातगाडी सोडून उभा राहिला. अण्णांचा गळा हलताना मला दिसला. मग ते म्हणाले, "नगर गाडी अकरा पाचला लागेल."

कोणी हसलं नाही. लंकाबाईने मान हलवली, जणू तेच उत्तर होतं.

"बरं. मी थांबते," ती म्हणाली आणि पारावर जाऊन बसली. अकरा पाचची गाडी येऊन गेली तशी उठून चालू लागली.

त्यानंतर दर बाजारच्या दिवशी पावणेअकराला ती यायची. खिडकीसमोर पारावर बसायची आणि अण्णांकडे बघायची. शिव्या नाहीत, बोलणं नाही, पदराआड कुजबुज नाही. वीस मिनिटं बघायची आणि जायची. वर्षभर.

नाटकातली माणसं एकेक करून गळाली. काकासाहेबांनी तर रस्त्यात भेटणंही टाळलं. नगरच्या स्पर्धेला आम्ही गेलो नाही. टँकरवर बायका आईची घागर मागे सरकवायच्या. "त्या भाकरवाल्याची हाय," म्हणायच्या. सहादेव कामापुरतं बोलायचा, पण अण्णांच्या हातचा चहा त्याने पुन्हा घेतला नाही. गावाला लंकाबाईचं दुःख तेवढं लागलं नव्हतं. आपण कसे खात होतो हे दिसलं, ते लागलं. त्याचा राग तिच्या नावाने काढता येत होता.

एकदा आईने अबोला सोडला. "जा आणि पाया पडा तिच्या," ती म्हणाली.

"पाया पडणं सोपं आहे. कोणीही पडतं."

"मग काय अवघड आहे?"

"मला वाक्य सापडत नाही."

"वाक्य कसलं शोधता?" आई म्हणाली. "तिचं पोर गेलं, तुम्हाला माहिती होतं, तुम्ही सांगितलं नाही. याच्यात काय सापडायचंय?"

अण्णा जेवत राहिले. माणसाला एवढं सांगता येऊ नये, हे मला तेव्हा ढोंग वाटलं. त्या वीस मिनिटांत ते तिच्याकडे बघत होते ते शिकायला की सांगायचं धैर्य होईना म्हणून, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मी माझं उत्तर ठरवून टाकलं होतं. डबा पोचवणं मी बंद केलं. त्यांच्याशी कामापुरतं बोलू लागले.

पण बाजारच्या दिवशी भाजीला गेले की स्टँड वाटेतच पडायचा. आणि मला दिसायचं. वीस वर्षं त्या खिडकीत बसलेला माणूस हळूहळू त्या खिडकीत बसायचं कसं ते विसरत चालला होता. उगाच फायली उचलायचे. वेळापत्रक भिंतीवर आहे हे माहिती असून टेबलावर शोधायचे. टोपी काढायचे, घालायचे. एकदा शिरूरची गाडी संगमनेरची म्हणून ओरडले, माणसं चढली, उतरली, शिव्या देत पळाली. पारावरून लंकाबाई बघत होती.

माघात एका रात्री जेवणं झाल्यावर अण्णा माझ्याशेजारी येऊन बसले. हात पुढे धरून म्हणाले, "चांगू, मला हात कुठं ठेवायचे ते कळत नाही गं आजकाल."

पहिल्यांदा रंगमंचावर उभा राहिलेला प्रत्येक पोरगा हेच म्हणायचा आणि अण्णा त्याची टिंगल करायचे. मी त्यांच्याकडे बघितलं.

"पुन्हा," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हात मागे घेतले आणि उठून गेले.

फाल्गुनात, एका बुधवारी, ड्यूटीवर निघताना बुटाची नाडी बांधायला ते वाकले आणि वर उठले नाहीत. डॉक्टर यायच्या आत गेले. अठ्ठेचाळीस वय.

त्या वर्षी पीक आलं होतं. घराघरात नवा शाळू आला होता. एरवी आमच्या घरी चूल पेटायच्या आधी चार घरांतून भाकरी आल्या असत्या. त्या दिवशी चुलत्यांच्या घरून आल्या, बाकी कुठूनच नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी पाच-सात बायका बसायला आल्या. दाराशी आल्या आल्या गळा काढायच्या, आईच्या गळ्यात पडायच्या, आणि थोड्या वेळाने डोळे पुसून भिंतीला टेकून घराकडे बघायच्या. मी कोपऱ्यात होते. मला रडू येत नव्हतं आणि त्या माझ्या कोरड्या डोळ्यांकडे बघतायत हे मला कळत होतं. काय बघतायत तेही कळत होतं. अण्णांनीच शिकवलं होतं.

मग दारात लंकाबाई आली. रडणं थांबलं. आईचं अंग ताठ झालं.

तिने गळा काढला नाही. चपला बाहेर काढल्या, आत आली आणि माझ्यासमोर बसली. हातात गाठोडं होतं, ते तिने आमच्या दोघींच्या मध्ये ठेवलं.

"मी रडाया आले न्हाई," ती म्हणाली.

"हो."

"वरीसभर बसले त्याच्यासमोर. दर बाजारला वाटायचं, आज बोलंल. त्याच्या गळ्यात यायचं. मला दिसायचं. हितवर यायचं आन् परत जायाचं." तिने आपल्या गळ्याला बोट लावलं. "शेवट शेवट तर वाटायचं, आता मीच म्हनावं, ऱ्हाऊ दे. पन म्हनले न्हाई. आता कुनाला इचारू?"

बायका ऐकत होत्या. आई माझ्याकडे बघत नव्हती.

"दहा चाळीसला फोन आला," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, सपाट, स्टँडवर गाडी सांगावी तसा.

"तुमचा गोरक्ष पहाटे गेला, टेम्पो करून आणतायत, आईला गाडीत बसू देऊ नका, असा निरोप होता. अण्णांनी ऐकला. पावणेअकराला तुम्ही खिडकीशी आलात. गाडी वेळेवर आहे का विचारलंत. तेव्हा त्यांना माहिती होतं. त्यांनी सांगितलं नाही. मी मागं स्टुलावर बसले होते. मीही ऐकलं होतं. मीही सांगितलं नाही."

"तू बी?"

"मी बी."

बाहेर कोणाचं तरी रेडकू ओरडत होतं.

"मंग मी काय करत हुते?" तिने विचारलं. "त्या टायमाला."

"भाकरी मोजत होतात. दोनदा मोजल्या. चटणीचा वास घेतलात आणि हसलात."

"व्हय," ती म्हणाली. "हासले हुते."

तिने गाठोडं माझ्याकडे सरकवलं. "नव्या शाळूच्या हायेत. सोड आन् खा. कालपासून पोटात काय नसंल तुझ्या."

मी गाठ धरली आणि ओढली. तशी ती नाटकात सुटायची. ही सुटली नाही. घट्ट, दोन वेढ्यांची, भाकरीच्या वाफेने ओलसर होऊन अजूनच आवळलेली. मी नखं घातली. नखं वाकली. समोर सात बायका बसल्या होत्या, सगळ्यांची नजर माझ्या हातांवर होती, आणि माझ्या हातांना काय करावं ते सुचेना. शेवटी मी वाकले आणि गाठीला दात लावले.

लंकाबाईने तोंड फिरवलं. गाठ सुटेपर्यंत ती भिंतीकडे बघत होती.